मुलीचे नाव गावाने ठरवावे

धानाई सहकारी साखर कारखान्याच्या धुराड्यातून तीन हंगाम धूर निघाला नव्हता, पण कारखान्याच्या सभा वेळेवर होत होत्या. ऊस नव्हता, उसाला पाणी नव्हतं, कामगारांना पगार नव्हता. तरी सभासद होते, संचालक होते आणि चहा होता. अशा निवांत काळात कारखान्याच्या महिला व बाल उन्नती प्रतिष्ठानाने मुलींच्या सक्षमीकरणासाठी एक पुस्तिका काढायचं ठरवलं. नाव ठरलं, ‘चला, बोलू या: गावासाठी संवाद मार्गदर्शिका’. ती गावोगाव वाचायची, लोकांनी मुलींच्या शिक्षणावर आणि लग्नावर बोलायचं, आणि बोलता बोलता शहाणं व्हायचं, अशी योजना होती. मुंबईच्या एका संस्थेने त्यासाठी निधी दिला होता. मुंबईला बीड जिल्ह्याबद्दल अधूनमधून असं वाटतं.

समितीवर चेअरमन सुंदरराव होते, अंबाजोगाईच्या कॉलेजात मराठी शिकवणारे गहिनीनाथ सर होते, काही संचालक होते आणि वत्सलाबाई होत्या. वत्सलाबाई प्रतिष्ठानाच्या प्रेरिका. समितीत खेड्यात पायी जाणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे बैठकीत त्यांना दाराजवळची खुर्ची होती.

पहिल्या बैठकीत शब्दांवर चर्चा झाली. सरांनी ‘हक्क’ लिहिलं होतं. “हक्क म्हटलं की माणूस मोर्चा काढतो,” सुंदरराव म्हणाले, “आपल्याकडं आधीच पगाराचा मोर्चा येऊन बसलाय.” हक्काची संधी झाली. ‘नकार’ उद्धट वाटला म्हणून ‘वेगळा विचार’ आला. ‘अठरा वर्षे पूर्ण’ हे शब्द एका संचालकांना टोचले, कारण त्यांची धाकटी सून नुकतीच घरात आली होती. तिथे ‘योग्य वयात’ आलं. सरकारनेही त्या वर्षी दुष्काळाला दुष्काळ न म्हणता दुष्काळसदृश परिस्थिती म्हटलं होतं, तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खरी अडचण चौथ्या प्रकरणात आली. तिथे एक गोष्ट होती. सरांनी सुरुवात केली होती, ‘एका गावात सुमन नावाची मुलगी राहते.’ सुमन ही सुंदररावांची बहीण निघाली. मंदाकिनी एका संचालकांच्या पत्नी. उषा नावाच्या बाईंनी मागच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलमधून अर्ज भरला होता. त्यांचा फुकट प्रचार कारखान्याने का करावा?

“वत्सला चालेल,” एकजण म्हणाला. दाराजवळच्या खुर्चीतून वत्सलाबाईंनी मान वर केली. “नाही, म्हणजे जुनं नाव आहे म्हणून म्हटलं,” तो म्हणाला.

शेवटी सरांनीच मार्ग काढला. नावाची जागा रिकामी ठेवायची आणि खाली टीप द्यायची: ‘मुलीचे नाव गावाने ठरवावे, म्हणजे आपलेपणा निर्माण होईल.’

“साहेब, गावात जागा रिकामी दिसली की कुणी ना कुणी तिथं बसतंच,” वत्सलाबाई म्हणाल्या.

सगळे हसले आणि टीप मंजूर झाली. शेवटच्या पानावर मुंबईच्या आग्रहाने एक ओळ घालण्यात आली: ‘सत्राअखेर समुदायाने सर्वानुमते काय ठरवले, ते लिहावे.’ निधी देणाऱ्याला निष्पत्ती लागते. नुसतं बोलणं त्याला पुरत नाही.

पुस्तिकेची पहिली चाचणी टाकळवाडीला घ्यायची, हे वत्सलाबाईंनी मागून घेतलं. टाकळवाडी घाटनांदूरच्या पुढे, माळावर. त्यांना ते गाव का हवं होतं, ते त्यांनी समितीला सांगितलं नाही. तिथे कडूबाई होती.

आसाराम आणि छबुबाईची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून या मुलीचं नाव कडूबाई ठेवलं. नाव कडू असलं की काळाला चव लागत नाही, असा हिशोब. हिशोब बरोबर निघाला. कडू जगली, दहावी झाली, आणि घाटनांदूरच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं. आईबाप दर दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला कर्नाटकात जात आणि ती आजीपाशी राही. आषाढात आजी गेली. तेव्हापासून आसाराम गप्प होता, आणि बाप गप्प झाला की घरात स्थळ येतं हे कडूला माहीत होतं. स्थळ आलंच. गेवराईकडचा भारत. त्याच्या जोडीनं ऊस तोडणारी त्याची आई गेल्या हंगामात उसाच्या मोळीखाली पाठ धरून बसली ती उठलीच नाही.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम गाडीत घेत नाही. भारत अर्धा होता. गाड्या निघायच्या आत त्याला पूर्ण करायचं होतं.

कडूने हे सगळं घाटनांदूरच्या स्टॅंडवर वत्सलाबाईंना सांगितलं होतं. रडली वगैरे नाही. वहीचा कोपरा दुमडत म्हणाली, “बाई, मला औंदा जायचं न्हाई. एवडं बारावी पत्तूर थांबवा.”

“तुझ्या बापाला मी एकटीनं सांगून उपयोग न्हाई,” वत्सलाबाई म्हणाल्या. “समदं गाव बसवते. आमचं पुस्तक निघालंय. त्यात हेच हाय. चार लोकांसमोर तो कसा न्हाई म्हणतो ते बघू.”

कडूचा पुस्तकांवर विश्वास होता. दहावीपर्यंत तिला त्यांनी कधी फसवलं नव्हतं. सभेच्या दिवशी तिने स्वतः घरोघर जाऊन माणसं बोलावली, गोदामाचा ओटा झाडला, सतरंजी घातली.

ओटा गावच्या कर्ज-खताच्या सोसायटीचा होता. सोसायटीचा चेअरमन उत्तरेश्वर. तोच गावचा ऊसतोड मुकादम. दोन पदांमध्ये त्याने कधी गोंधळ होऊ दिला नाही. दोन्हीकडे तोच बोलायचा. टॅंकर येऊन गेला होता, म्हणून दुपारी बरीच माणसं मोकळी होती. पुरुष पुढे बसले, बाया मागे, आणि गहिनीनाथ सर कारखान्याच्या जीपमधून येऊन गावातल्या एकमेव धड खुर्चीवर बसले.

वत्सलाबाईंनी वाचायला घेतलं. “एका गावात एक मुलगी राहते. तिचं नाव…” आणि थांबल्या. “सांगा, काय नाव द्यायचं तिला?”

पुस्तकात काय लिहायचं ते गावाला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“कुणाची हाय?” पुढे बसलेल्या म्हाताऱ्या आप्पाने विचारलं. सोसायटीचा तो सगळ्यात जुना सभासद.

“कुणाची नाही, आप्पा. कल्पनेतली आहे.”

आप्पाने शेजारी पाहिलं. “आपल्या गावात कल्पना कुठं हाय बे?”

“सटवाची व्हती की. ती तर केजला दिली.”

“मंग ही कोणची?”

“आजोबा, काल्पनिक नाव द्यायचं आहे,” सर खुर्चीवरून म्हणाले. “म्हणजे आपलेपणा वाटेल.”

“आपलेपणाचं वय काय हाय?”

वत्सलाबाईंनी पानावर पाहिलं. “पंधरा-सोळा. दहावी झालेली. आईवडील ऊसतोडीला जातात. तिची पुढं शिकायची इच्छा आहे.”

“असं सांगा की मंग,” आप्पा म्हणाला. “आसारामची कडी. उगं कोड्यात कावून बोलता?”

ओटाभर हसू झालं. खांबाजवळ बसलेली कडूसुद्धा हसली. गोष्ट बरोबर वाटेला लागली आहे असं तिला वाटलं. वत्सलाबाईंनाही क्षणभर तेच वाटलं.

पुढचं सगळं गावाने मान डोलावत ऐकलं. मुलगी हुशार आहे. बरोबर. घरकाम करून अभ्यास करते. बरोबर. तिला एक स्थळ आलं आहे. “लई बराबर लिवलंय,” मागून आवाज आला, “घरात बसून लिवल्यासारकं.” सरांनी वहीत टिपून घेतलं: समुदायाशी तात्काळ जोडणी.

पहिला प्रश्न होता, मुलीने पुढे काय करावे असे तुम्हाला वाटते. गावाने मुलीकडे न बघता बापाकडे पाहिलं.

“बोल की बे आसाराम.”

आसाराम चपलेचा अंगठा चाचपत होता. “मी काय बोलू. लोक म्हनतील तसं.”

“अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा हाय,” वत्सलाबाई म्हणाल्या.

“बाई, त्ये पुस्तकात हाय का तुमचं?” उत्तरेश्वरने विचारलं. तो कधी आवाज चढवत नसे.

वत्सलाबाई सरांकडे बघू लागल्या. सर म्हणाले, “पुस्तकात ‘योग्य वयात’ असं आहे.”

“मंग योग्य वय गाव ठरवंल की. त्याच्यासाटीच बसलोय.”

मग छबुबाई बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलली. “शिकू द्या ना. मला काय वंगाळ वाटतंय व्हय? म्या बोटं मोडून घेतली ती हिनं पेन धरावा म्हून. पन ठिवू कुटं? सा म्हैने आमी तिकडं. म्हतारी व्हती तवर दोगी आतून कडी लावून झोपायच्या. आता एकट्या पोरीनं कडी लावली तर ती भाईरून कोन उगडंल, ह्ये सांगा कुनी.”

मागल्या साली शेजारच्या वाडीत एक मुलगी अशीच एकटी राहिली होती, आणि त्या वाडीचं नाव घेतलं तरी बाया अजून पदर तोंडाला लावत. ओट्यावर पहिल्यांदाच खरं बोलणं झालं होतं आणि पुस्तिकेत त्यासाठी जागा नव्हती.

“माज्याकडं ऱ्हाऊ द्या,” कौशल्याबाई म्हणाली. ती विधवा, घरात एकटीच असायची. “मला बी सोबत व्हईल. दोन भाकरी जास्त थापीन.”

कडूने मान वर केली. आसारामचा हात चपलेवरून निघाला. छबुबाई कौशल्याबाईकडे अशी बघत होती की जणू तिने घराचं दार उघडून दाखवलं आहे.

“मावशे,” पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, “तुजा पुतन्या आलाय न्हवं पुन्याहून? कंपनी बंद पडली म्हून?”

“त्यो वसरीत झोपतो.”

“त्येच म्हनलं.”

दोघेतिघे हसले. हसण्यात फार काही नव्हतं, पण कौशल्याबाईने पदर पुढे ओढला आणि ती पुन्हा बोलली नाही. छबुबाईने डोळे काढून घेतले.

वत्सलाबाई सरांपाशी गेल्या. “सर, कारखान्याच्या वसाहतीतल्या खोल्या रिकाम्या पडल्यात. भिंती हायत, गेट हाय, वॉचमन हाय. अशा धा-वीस पोरी तिथं राहतील. तुम्ही इथं नुसतं म्हणा, की चेअरमनसाहेबांना विचारतो.”

सरांना सूचना मनापासून आवडली. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ते कारखान्याच्या जीपमधून आले होते. “वसतिगृह हा स्वतंत्र विषय आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “आपली संवाद मार्गदर्शिका आहे, बाई. ती उत्तरं देत नाही. विचार करायला लावते.”

“मंग झाला की विचार,” उत्तरेश्वर म्हणाला. हळू बोललेलं त्याला नेहमी ऐकू येई. “विषय मांडला, चर्चा झाली. आता ठराव.”

“संवादात ठराव नसतो,” वत्सलाबाई म्हणाल्या.

“मंग इतका येळ बसवलं कावून, बाई?”

टाकळवाडीला एकत्र बसून बोलायची एकच पद्धत ठाऊक होती, ती सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची. विषय, चर्चा, सूचक, अनुमोदक, मंजूर, चहा. त्यात पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ‘सर्वानुमते’ छापलेलंच होतं. उत्तरेश्वरने ते पान सरांकडून मागून घेतलं, मोठ्याने वाचलं आणि परत दिलं.

“पोरीला एकटं ठिवनं धोक्याचं हाय, त्याअर्थी गाड्या निगायच्या आत तिचं आलेल्या स्थळी लगीन लावून द्यावं. सूचक?”

आप्पाचा हात वर गेला. गेली कित्येक वर्षं सूचक म्हटलं की तो हात वर जात होता. ठराव खताचा आहे की मुलीचा, हे त्याला विचारावं लागत नसे.

“अनुमोदक?”

इथे सर पुढे झुकले. “महिलांचा सहभाग दिसायला हवा,” ते म्हणाले. त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. अहवालात तसा रकाना होता.

“बराबर. छबुबाई, तुजं नाव घालतो.”

छबुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग कडूकडे. मग जमिनीकडे बघत “हं” म्हणाली. ते हो होतं की उसासा होता हे कुणी विचारलं नाही.

“मंजूर?”

“मंजूर, मंजूर,” ओटा म्हणाला. वार्षिक अहवाल वाचला असे समजण्यात यावे, असं म्हटल्यावर म्हणतात त्याच चालीवर.

वत्सलाबाईंनी पुस्तिका मिटली. “हे लिहिलंत तर मी सरळ तक्रार करणार. अल्पवयीन पोरीच्या लग्नाचा ठराव हाय हा.”

उत्तरेश्वर रागावला नाही. “कोनच्या पोरीच्या, बाई?”

“कडूच्या.”

“तिचं नाव पुस्तकात कुटं हाय? रिकामी जागा हाय तितं. सर, तुमीच सांगा, ही पोरगी खरी का खोटी?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “तत्त्वतः काल्पनिक,” ते म्हणाले.

“मंग काल्पनिक पोरीचं काल्पनिक लगीन. इतिवृत्तात बी जागा रिकामीच सोडा, म्हंजे झालं.”

गोष्टीतली मुलगी कडू झाली तेव्हा कुणाची हरकत नव्हती. ती पुन्हा गोष्टीत गेली तेव्हाही कुणी हरकत घेतली नाही.

इतिवृत्त लिहायचं कुणी, हा प्रश्न आला. सोसायटीचा सचिव परळीला गेला होता. गावात शुद्ध लिहिणारी एकच होती, म्हणून कागद कडूकडे सरकला. तिने मांडीवर पुस्तिका घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि उत्तरेश्वर सांगत गेला तसं लिहीत गेली. सूचक, अनुमोदक. मुलीच्या नावाच्या जागी तिने सरळ रेघ ओढली. शेवटच्या वाक्यावर ती थांबली.

“सर,” तिने विचारलं, “सर्वानुमते म्हंजे मला धरून का सोडून?”

सरांना अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत व्याकरणाचा इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी नियमाचा आधार घेतला. “तू अजून सभासद नाहीस ना, बाळ. त्याला अठरा पूर्ण लागतात.”

कडूने मान हलवली आणि ‘सर्वानुमते’ लिहिलं. वेलांट्या, उकार, सगळं जिथल्या तिथे होतं. मग चहा आला.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई ग्रामसेवकाकडे गेल्या. असलं लग्न थांबवायची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर आहे, हे त्याला माहीत होतं आणि ते त्याला आवडत नव्हतं. त्यांनी आणलेली इतिवृत्ताची प्रत त्याने वाचली. “यात मुलीचं नाव नाही.”

“मी सांगते की नाव. कडूबाई आसाराम.”

“लग्न लागलंय?”

“लागायचंय.”

“मग घडलं काहीच नाही. सभेचं कालच कानावर आलं, तेव्हा आसारामला विचारलं मी, तो म्हणतो अजून काय ठरलं न्हाई. सरांना फोन केला, ते म्हणाले साहित्यिक पात्र आहे.” त्याने कागद परत दिला. “घडल्यावर या, बाई. घडल्याशिवाय पंचनामा कशाचा करू?”

तिथून त्या आसारामच्या घरी गेल्या. आसाराम बैल चारायला गेलाय, असं छबुबाई दारातूनच म्हणाली. आसारामकडे दोन वर्षांपासून बैल नव्हते.

लग्न गेवराईकडे, मुलाच्या गावी, सकाळी देवळात लागलं. वत्सलाबाईंना ते लागल्यावर कळलं. घडल्यावर त्या पुन्हा ग्रामसेवकाकडे गेल्या. तेव्हा तो म्हणाला, लग्न दुसऱ्या गावात घडलं, ती हद्द माझी नाही.

सुंदररावांनी चाचणीचा अहवाल वाचून समाधान व्यक्त केलं. मुंबईला कळवण्यात आलं की पहिल्याच गावात समुदायाने एका मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न महिलांच्या सहभागाने, सर्वानुमते सोडवला. मुंबईहून अभिनंदनाचा फोन आला आणि सोबत आणखी गावं आली. वसाहतीच्या खोल्यांबद्दल वत्सलाबाईंनी अर्ज दिला. तो सभेच्या विषयपत्रिकेवर ठेवण्यात आला, आणि सभा चहापर्यंत पोचली तरी तो विषय आला नाही.

दिवाळीच्या तोंडावर त्या घाटनांदूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या होत्या. पिशवीत पुस्तिकांचा नवा गठ्ठा होता. पंक्चरच्या दुकानापाशी उत्तरेश्वरच्या टोळीचा ट्रक थांबला होता; वर पत्र्याच्या पेट्या, पाण्याच्या टाक्या, शेळ्या, म्हाताऱ्या, लेकरं. खाली चाकाजवळ एक पोरसवदा नवरा टायर बदलायला हात लावत होता. त्याने हात पॅंटला पुसले आणि तो पुढे आला.

“बाई, तुमी कारखान्याच्या ना?” भारत म्हणाला. “आमचं जुळवलं त्या? उत्तरेश्वर आबा सांगत व्हते, तुमच्या सभेत ठरलं म्हून. लई उपकार झाले. मला औंदा कुनी गाडीत घेत नव्हतं.”

तो मनापासून बोलत होता. वत्सलाबाईंना त्याच्यावर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं.

कडू ट्रकमध्ये पेट्यांच्या मधे बसली होती. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या आणि त्यांच्यामुळे हात वाकवताना तिला त्रास होत होता. वत्सलाबाई फळीपाशी गेल्या. कॉलेजात नाव तसंच ठेवायला सांगते, त्या म्हणाल्या. परीक्षेला बसता येतं बाहेरून. पुस्तकं पाठवते कुणाच्या हाती. हे सगळं त्या भराभर म्हणाल्या.

कडूने ऐकून घेतलं. तिची नजर पिशवीवर होती.

“ह्ये कुटल्या गावाला चाललंय?”

वत्सलाबाईंनी गावाचं नाव सांगितलं.

“तितं माज्या वर्गातली एक हाय,” कडू म्हणाली. “तिची बी आजी मरायला टेकलीय. तितं वाचू नका, बाई.”

“मी कामावर हाय गं, कडू.”

“मी बी आता कामावरच चाललेय,” ती म्हणाली.

टायर बसला. भारत फळीवर चढला आणि त्याने तिला जरा सरकायला सांगितलं. ट्रक निघाला तेव्हा दुसऱ्या बाजूने एसटीही आली. कंडक्टरने गठ्ठ्याचं तिकीट काढावं लागेल म्हणून अडवलं. वत्सलाबाईंनी वाद घातला नाही. तिकीट काढलं आणि त्या खिडकीशी बसल्या.